एंजल फिशच्या अंगावरचे खवले निघालेत : औषध घालावं की थांबावं?

शांतजल
नमस्कार. १०० लिटरच्या टँकमधल्या एका एंजल फिशच्या डाव्या अंगावरचे, पाठीच्या पराच्या जरा खालचे, तीन-चार खवले निघालेत. तिथे फिकट गुलाबी चट्टा दिसतो. रक्त नाही, कापसासारखं काही उगवलेलं नाही. शेपटीचा वरचा कोपराही चिरलाय. मासा खायला पुढे येतो, पण खाऊन झालं की हीटरच्या मागे जाऊन उभा राहतो. सोबत दुसरी एंजल, टेट्रांचा थवा आणि तळाशी राहणारे कोरी मासे आहेत. वनस्पती खऱ्या आहेत, मधोमध मोठं ड्रिफ्टवूड आहे. आज पाणी तपासलं : अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २० च्या आसपास, तापमान २६ अंश.

वेगळ्या टँकमध्ये काढावा का? मीठ घालावं का? मिथिलिन ब्लूची बाटली हाताशी आहे, ती वापरावी का? जखम लहान दिसते, पण नुसतं बघत बसायला मन धजत नाही.

पाणवठा
पाण्याचे आकडे आधीच दिलेत ते फार बरं झालं. हे आकडे असे असतील आणि मासा खात असेल, तर आज त्याला पकडू नका. जाळीत पकडलेला मासा तडफडतो, जाळीच्या दोऱ्यात पर अडकतात आणि जखमेच्या आजूबाजूचे आणखी खवले निघतात. किरकोळ जखमेचं मोठं दुखणं बऱ्याचदा याच पायरीवर होतं.

आज करण्यासारख्या गोष्टी : दिवा मंद करा किंवा लवकर बंद करा. पाव भाग पाणी बदला, नवं पाणी त्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं असू द्या. आणि अर्धा तास टँकपासून लांब बसून नुसतं निरीक्षण करा. मासा हीटरमागे उभा राहतो असं म्हणालात, तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जखमेमुळे राहतो की कुणापासून लपतो, हे कळायला हवं.

निळाशाई
माझं मत थोडं वेगळं आहे. उघडी जखम म्हणजे बुरशीला आमंत्रण. मी मिथिलिन ब्लू, थोडं मीठ आणि तापमान ३० अंश असं एकदमच सुरू करतो. उष्णतेनं जखम लवकर भरते आणि औषधानं बुरशी धरत नाही. आधीच काळजी घेतली तर नंतरची धावपळ वाचते.

पाणवठा
निळाशाई, काळजी रास्त आहे, पण या टँकला हे तीनही उपाय जड जातील.

मिथिलिन ब्लू हा मुळात रंग. १८७६ साली हाइनरिश कारो यांनी तो तयार केला आणि पुढे औषधात आला. माशांची अंडी बुरशीपासून वाचवायला तो उत्तम. पण मुख्य टँकमध्ये घातला तर फिल्टरमधले नायट्रीकरण करणारे, म्हणजे अमोनिया पचवणारे, जिवाणू मार खातात. मग ज्या पाण्यात आज अमोनिया शून्य आहे, त्याच पाण्यात काही दिवसांत अमोनिया चढू लागतो आणि जखमी माशाच्या कल्ल्यांना पहिला चटका बसतो. वनस्पतींनाही तो मानवत नाही, काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन निळं होतं ते वेगळंच. बुरशी दिसली, तर वेगळ्या भांड्यात त्याचा वापर करता येतो. बुरशी दिसायच्या आधी सगळ्या टँकला तो पाजण्यात काही मिळत नाही.

तापमानाचंही तसंच. प्रजातीला मानवेल इतक्या उबेत जखम लवकर भरते हे खरं. पण एंजलला २६ अंश पुरेसं आहे. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६. त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. शिवाय जखमांवर पांढुरका थर धरणारा कॉलमनारिस नावाचा जिवाणूजन्य आजार गरम पाण्यात जास्त वेगानं पसरतो. त्याची शंका असताना हीटर चढवणं म्हणजे त्यालाच मदत.

जलपर्णी
पाणवठा यांना अनुमोदन. माशाच्या कातडीबद्दल थोडं लिहिते, कारण ते समजलं की हात आपोआप आवरतो.

खवले माशाच्या अंगावर बाहेरून चिकटवलेले नसतात. ते कातडीच्या आतल्या थरात रुजलेले असतात आणि त्यांच्यावरून जिवंत पेशींचा एक अतिशय पातळ थर गेलेला असतो. त्या थरातल्या पेशी तो बुळबुळीत स्राव तयार करतात. हा स्राव म्हणजे नुसता ओशटपणा नव्हे. त्यात जिवाणूंच्या भिंती फोडणारं लायसोझाइम असतं, प्रतिपिंडं असतात, आणि तो सतत वाहून जात असल्यानं अंगावर बसू पाहणारे जंतूही त्याच्याबरोबर धुतले जातात. खवला निघाला म्हणजे वरचा पातळ थर तिथे फाटला. कोरड्या जमिनीवरच्या प्राण्यांसारखी खपली इथे धरत नाही. कडेच्या पेशी सरकत सरकत जखमेवर येतात आणि ती झाकतात. आणि त्या खूप वेगानं सरकतात. लहान खरचटलेल्या जागेवर काही तासांत, फार तर दिवसभरात, पातळ पडदा आलेला असतो. आपल्याला गुलाबी चट्टा दिसत राहतो, पण दार बंद झालेलं असतं. खवला मात्र सावकाश, काही आठवड्यांत परत येतो, कधी रंगानं वेगळा, कधी थोडा वाकडा.

त्या सरकणाऱ्या पेशींवर जाळी घासली, बोट लागलं, तीव्र औषध पडलं, की पडदा पुन्हा फाटतो. म्हणून किरकोळ जखमेत पहिली मदत म्हणजे हात न लावणं.

दुसरी गोष्ट पाण्याची. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात क्षार आजूबाजूच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, लिटरला सुमारे ९ ग्रॅम मिठाच्या तोडीचे. त्यामुळे पाणी कल्ल्यांतून आणि कातडीतून सतत आत शिरत असतं आणि क्षार बाहेर झिरपत असतात. मूत्रपिंडं रात्रंदिवस पातळ लघवीवाटे पाणी बाहेर टाकतात, कल्ले क्षार पुन्हा आत ओढतात. कातडी फाटली की ही गळती वाढते. चार खवल्यांनी फार फरक पडत नाही. तळहाताएवढ्या माशाची अर्धी कूस सोलली गेली तर पडतो, आणि मीठ कामाला येतं ते अशा वेळी.

शांतजल
हे इतकं उलगडून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. पाणी बदललं, दिवा कमी केला. मिठाबद्दल अजून विचारते. खाली कोरी आहेत आणि वनस्पतीही, तर मीठ घालूच नये का? की अगदी थोडं चालेल?

जलपर्णी
तुमच्या टँकमध्ये नको. तुमच्या माशाला त्याची गरज नाही, आणि वनस्पती मात्र उगीच खंगतील. कोरी आणि लोच या तळाशी राहणाऱ्या माशांच्या अंगावर नेहमीसारखे खवले नसतात, मीठ त्यांना इतरांपेक्षा लवकर झोंबतं.

पुढे कधी वेगळ्या टँकमध्ये वापरायची वेळ आली तर लिटरला १ ते २ ग्रॅम, आणि फार तर ३. चमच्यानं मोजू नका, मिठाचा दाणा बारीक-जाड असला की चमच्यातलं वजन खूप बदलतं. काट्यावर तोलून घ्या. २० लिटरला २० ग्रॅम म्हणजे लिटरला १ ग्रॅम. टँकमधल्याच पाण्यात वेगळं विरघळवून दोन-तीन हप्त्यांत, मध्ये काही तास सोडून घाला. कोरडे खडे तळाशी टाकले आणि माशानं त्यावर अंग टेकलं तर तिथेच भाजतं.

मीठ बाष्पाबरोबर उडत नाही. उडालेल्या पाण्याची भर नुसत्या पाण्यानं घालायची. पाणी काढून बदललं, तर जितकं काढलं तितक्याच पाण्यापुरतं मीठ नव्यानं. ५ लिटर बदलले तर ५ ग्रॅम. इथे बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो आणि दर वेळी पूर्ण मात्रा घातल्यानं आठवडाभरात पाणी खारट होऊन बसतं.

गप्पीघर
मध्येच विचारतो. आयोडीनयुक्त मीठ चालतं का? आणि एप्सम सॉल्ट हेच मीठ का?

जलपर्णी
आयोडीनयुक्त मिठातलं आयोडीन इतकं कमी असतं की या मात्रेत माशाला त्रास होत नाही. ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही ते कुठलंही साधं मीठ चालेल. एप्सम सॉल्ट वेगळं, ते मॅग्नेशियम सल्फेट. पोट फुगणं, बद्धकोष्ठ, डोळ्यामागे पाणी साठणं यांत त्याचा विचार होतो. जखमेसाठी त्याला साध्या मिठाच्या जागी धरू नका.

निळाशाई
मुद्दे पटण्यासारखे आहेत. मग एक सांगा : थांबायचं म्हटलं तर कुठपर्यंत? बुरशी धरली आहे की जखम भरतेय हे नवख्याला कसं कळावं? दोन्ही पांढरंच दिसतं.

पाणवठा
फार महत्त्वाचा प्रश्न. सविस्तर लिहितो.

भरणारी जखम कडेकडून लहान होत जाते. तिच्यावर पांढुरकी झाक आली तरी ती सपाट असते, अंगाला चिकटलेली, जरा काचेसारखी. फाटलेल्या पराच्या कडेला पारदर्शक पट्टी दिसू लागते, जवळजवळ दिसत नाही इतकी पातळ. ती नवी वाढ. तिला परकुज, म्हणजे पर कुजवणारा आजार, समजून औषध ओतलं जातं, म्हणून मुद्दाम सांगतो. परकुज असेल तर कड पांढरी किंवा लाल, झिजलेली असते आणि पर रोज थोडा आखूड होत जातो. आजचा आणि परवाचा फोटो शेजारी ठेवून पाहा. माणसाची आठवण इथे फसवते, फोटो फसवत नाही.

बुरशी, म्हणजे बहुतेक वेळा सॅप्रोलेग्निया, मेलेल्या पेशींवर रुजते. तिचे धागे अंगापासून उभे राहतात आणि मासा हलला की पाण्यात हलतात. रंग पांढरा, नंतर राखाडी किंवा शेवाळ अडकून हिरवट. ती सावकाश वाढते, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो.

कॉलमनारिस लांबून कापसासारखाच दिसतो, पण जवळून पाहिलं तर थर आखूड आणि चिकट असतो, कधी पिवळसर. तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा ही त्याची नेहमीची जागा. एक-दोन दिवसांत पसरतो, आणि एका माशावरून दुसऱ्यावर जातो. हा जिवाणू आहे, बुरशी नव्हे, त्यामुळे बुरशीच्या औषधानं आवरत नाही. इथे थांबून चालत नाही. मासा तातडीनं वेगळा करायचा आणि माशांचं जाणणाऱ्या पशुवैद्याला दाखवायचं. पशुवैद्य लगेच मिळण्यासारखा नसेल तरी त्याला फोटो आणि पाण्याचे आकडे पाठवा. अँटिबायोटिक कुठलं आणि किती हे अंदाजानं ठरवू नका. अर्धवट दिलेल्या अँटिबायोटिकनं फिल्टर बिघडतो आणि उरलेले जंतू अधिक चिवट होतात.

आणखी काही खुणा दिसल्या तर जखम किरकोळ राहिलेली नाही असं समजा. चट्ट्याभोवती लाल कडं आणि मध्ये खड्डा. परांतून लाल रेघा. सगळे पर अंगाशी मिटून घेणं. कल्ल्यांची उघडझाप जोरात होणं किंवा पाण्याच्या वरच्या थराशी येऊन धापा टाकणं. खाणं सोडणं. अंगभर खवले उभे राहणं. यांतली शेवटची सर्वांत गंभीर, कारण तोवर शरीराच्या आतलं पाण्याचं संतुलन कोलमडलेलं असतं.

शांतजल
आज लांब बसून पाहिलं आणि कारण सापडलं. दुसरी एंजल हिला एका कोपऱ्यात रेटतेय. फिल्टरच्या उभ्या नळीजवळ गेली की अंगावर धावून येते. ती नळी तोंडानं घासत बसलेलीही दिसली.

पाणवठा
मग अंडी घालण्याची तयारी दिसते. एंजल उभा, गुळगुळीत पृष्ठभाग निवडतात, रुंद पान, नळी, काच, आणि तो साफ करू लागले की आसपास कुणाला फिरकू देत नाहीत. १०० लिटरमध्ये पळून जायला जागा अपुरी पडते, म्हणून मार खाणारा मासा हीटरमागे राहतो. जखम बहुधा पळताना ड्रिफ्टवूडवर घासून झाली असणार.

जखमी माशाला बाहेर काढण्याऐवजी मारणाऱ्याला अडवा. टँकमध्ये बसणारी भोकांची प्लास्टिकची आडवी भिंत मिळते, ती लावा. दोन्ही बाजूंना पाणी खेळतं राहतं, फिल्टर तोच, पाण्याचे आकडे तेच, आणि जखमी माशाला हलवावं लागत नाही. हीटर आणि फिल्टर एकाच बाजूला राहणार असतील तर दुसऱ्या बाजूला हवेचे बुडबुडे सोडणारा दगड सोडा, म्हणजे तिथलं पाणी साचून राहणार नाही. भिंत लावण्याआधी दोघींच्या मधली लपण्याची जागा, पानं वगैरे, जखमीच्या बाजूला राहतील असं पाहा.

आणि हे कारण सापडलं हाच खरा उपचार आहे. ते शोधलं नाही तर कितीही औषधं घाला, जखम भरते आणि पुन्हा होते.

रेशीमपर
धागा वाचून हिंमत करून विचारते. माझ्याकडे बेट्टा (फायटर मासा) आहे, एकटाच. त्याची शेपटी दर थोड्या दिवसांनी चिरते. भांडायला कुणी नाही. पाण्याचे आकडे व्यवस्थित आहेत. प्लास्टिकची रोपं आणि एक मातीची गुहा आहे.

जलपर्णी
गुहेच्या आतल्या कडेवरून आणि प्रत्येक रोपावरून बायकांच्या पातळ नायलॉनच्या मोज्याचा तुकडा फिरवून पाहा. जिथे मोजा अडकतो तिथे बेट्टाचे पर फाटतात. प्लास्टिकच्या पानांच्या टोकांवर साच्याची बारीक धार राहिलेली असते, ती डोळ्यांना दिसत नाही पण मोज्याला सापडते. अडकणारी वस्तू काढून टाका, किंवा गुहेची कड पॉलिश पेपरनं घासून, धुऊन परत ठेवा. रोपं रेशमी कापडाची किंवा खरी घ्या.

फिल्टरचा ओढाही पाहा. लांब परांचा बेट्टा विसावायला गेला की शेपटी फिल्टरच्या तोंडात ओढली जाते. तोंडावर स्पंज बसवला की प्रश्न मिटतो.

हे सगळं करूनही चिरत राहिली, आणि चिरेचा आकार अर्धचंद्रासारखा, घास घेतल्यासारखा असेल, तर तो स्वतःच शेपटी चावत असण्याची शक्यता मोठी. लांब जड परांच्या जातींत हे होतं. अशा वेळी प्रवाह कमी करा, काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसत असेल तर मागे गडद कागद लावा, पाण्याच्या वरच्या थराजवळ आडवं व्हायला एखादं रुंद पान द्या.

पर परत येतात याबद्दल निश्चिंत राहा. प्रयोगशाळेतल्या झेब्राफिशचं कापलेलं शेपूट २८ अंशांच्या पाण्यात साधारण दोन आठवड्यांत पुन्हा वाढतं. बेट्टाच्या लांब परांना अर्थातच जास्त वेळ लागतो. पराचं मूळ, अंगाला जोडलेला भाग, शाबूत असला की झालं.

रेशीमपर
मोजा गुहेच्या तोंडाशीच अडकला! बाहेर काढलीय. टेबलावर घेऊन जखमेला पोव्हिडोन आयोडीन लावतात असं वाचलं होतं, ते या चिरेला लावावं का?

पाणवठा
चिरलेल्या पराला नको. अंगावरच्या किरकोळ खरचटीलाही नको.

खोल, मळकट झालेल्या जखमेवर पशुवैद्य पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन कापसाच्या काडीनं लावतात, कल्ले आणि डोळे जपून, आणि मासा बहुतेक वेळा भुलीचं औषध घातलेल्या पाण्यातून काढलेला असतो. घरी तेच करताना मासा पाण्याबाहेर उसळतो, हातातून निसटतो, अंगावरचा स्राव पुसला जातो. फायद्यापेक्षा नुकसान जास्त. हायड्रोजन पेरॉक्साइड तर लावूच नका, ते जंतूंबरोबर त्या सरकणाऱ्या नव्या पेशीही जाळतं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. माशाला दुखत नाही असं अजूनही सर्रास बोललं जातं. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या डोक्यावर इजा ओळखणारे मज्जातंतू दाखवले. ओठात त्रासदायक द्रव टोचलेले मासे नेहमीसारखे खायला येईनात आणि तळाच्या खडीवर ओठ घासू लागले. तेव्हा माशाला हातात घेऊन चोळायच्या आधी त्यालाही ते जाणवणार आहे हे धरूनच चाला.

गप्पीघर
हलवणं अगदी टळतच नसेल तर कसं हलवावं?

जलपर्णी
जाळीनं माशाला फक्त दिशा द्यायची आणि प्लास्टिकच्या डब्यात किंवा मोठ्या भांड्यात पाण्यासकट घ्यायचं. मासा पाण्याबाहेर येताच कामा नये. हात लावावा लागला तर तो ओला असू द्या, कोरड्या हाताला माशाच्या अंगावरचा थर चिकटून निघतो. तुमच्या हाताला चीर असेल तर हातमोजा घाला. टँकच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरीनम नावाचा जिवाणू असू शकतो, तो चिरेतून शिरला तर बोटावर महिनोनमहिने न भरणारी गाठ येते. हातावर अशी गाठ आली तर डॉक्टरांना टँकबद्दल आवर्जून सांगा, नाहीतर निदानाला उशीर होतो.

वेगळा टँक २० ते ४० लिटरचा, तळाला काही नाही, लपायला एक गुळगुळीत नळी, हीटर आणि स्पंज फिल्टर. त्यातला स्पंज मुख्य टँकमध्ये आधीपासून मुरलेला हवा. कोरा स्पंज लावला तर त्यात जिवाणू नसतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अमोनिया दिसतो. म्हणून एक जादाचा स्पंज मुख्य फिल्टरमध्ये कायम पडून असावा. पीएच एकनं चढला की त्याच अमोनियाचा विषारी हिस्सा सुमारे दसपट होतो, त्यामुळे पीएच ८ च्या आसपास असणाऱ्यांनी वेगळ्या टँकचं पाणी रोज तपासावं.

सोनमासा
गोल्डफिशचा एक डोळा धुरकट झालाय. दगडावर आपटताना पाहिलं होतं. दुसरा डोळा स्वच्छ आहे. खरचटीचंच तत्त्व इथे लागू पडतं का?

पाणवठा
हो, एकाच डोळ्याला झालंय आणि आपटताना पाहिलंय, तर ती इजाच धरा. दोन्ही डोळे एकदम धुरकट झाले असते तर आधी पाण्यावर आणि मग आतल्या संसर्गावर संशय घेतला असता. डोळ्यावर काहीही लावू नका. गोल्डफिश फार घाण करतो, म्हणून पाणी बदलण्याचं प्रमाण वाढवा, रोज पाव भाग चालेल. वनस्पती आणि तळाचे नाजूक मासे नसतील तर लिटरला १ ग्रॅम मीठ गोल्डफिशला मानवतं. तो दगड काढा किंवा भिंतीला टेकवा.

धुरकटपणा सावकाश विरतो. डोळा पुढे आला, आत रक्त दिसलं किंवा पांढरट गोळा वाढू लागला तर पशुवैद्य गाठा. आणि अंगावर कुठे खरचटलं असेल तर भरताना तिथे काळा डाग येऊ शकतो. गोल्डफिशच्या कातडीत भरणाऱ्या जखमेवर काळं रंगद्रव्य जमतं, पुढे ते बहुधा फिकट होतं. अमोनियानं भाजल्यावरही असाच काळेपणा येतो, म्हणून डाग दिसला की एकदा पाणी तपासून खात्री करा.

सोनमासा
धन्यवाद. खाण्यात काही बदल करावा का? एका डोळ्यानं त्याला दाणे नीट सापडत नाहीत असं वाटतं.

जलपर्णी
चांगल्या डोळ्याच्या बाजूनं आणि रोज एकाच जागी टाका, तो शिकतो. बुडणारा दाणा त्याला शोधायला सोपा जातो. थोडं थोडं द्या आणि उरलेलं लगेच काढा, कारण न खाल्लेलं अन्नच पाणी बिघडवतं.

आणि डबा नवा घ्या. जखम भरायला कोलॅजेन नावाचं प्रथिन लागतं, कोलॅजेन बनायला क जीवनसत्त्व लागतं, आणि बहुतेक मासे ते स्वतः तयार करू शकत नाहीत. उघडलेल्या डब्यातल्या खाद्यात ते हवेनं आणि ओलाव्यानं काही महिन्यांत उतरून जातं. वर्षभर पुरेल असा मोठा डबा परवडणारा वाटतो, पण मासे सहा महिने उपाशीपोटी जीवनसत्त्व शोधत राहतात. लहान डबा, घट्ट झाकण, थंड कोरडी जागा.

शांतजल
इकडची हकीकत : भिंत लावल्यापासून मासा हीटरमागून बाहेर आलाय, पर ताणून फिरतोय. चट्टा लहान झालाय, शेपटीच्या चिरेला ती काचेसारखी कड दिसतेय. औषध काहीच घातलेलं नाही. आता भिंत कधी काढावी? आणि देशी बदामाची वाळलेली पानं घालतात, त्यांचा उपयोग होतो का?

पाणवठा
फार छान. घाई मात्र करू नका. चट्टा बुजला आणि चीर भरत आली तरी दुसरी एंजल ती नळी घासणं थांबवेपर्यंत भिंत राहू द्या. अंडी घातली तर तिचा आक्रमकपणा आणखी वाढेल. काढताना आधी ड्रिफ्टवूडची आणि झाडांची मांडणी बदला, म्हणजे जुना हक्काचा कोपरा उरत नाही, आणि दिवे बंद करायच्या सुमाराला काढा. पुन्हा पाठलाग सुरू झाला तर १०० लिटर या दोघींना पुरत नाहीत असं समजून एकीसाठी वेगळी सोय पाहावी लागेल.

बदामाच्या पानांतून टॅनिन उतरतं, पाणी चहाच्या रंगाचं आणि किंचित आम्ल होतं. एंजलला ते आवडतं, जिवाणू-बुरशीला थोडा आळाही बसतो. एखादं वाळलेलं, कीटकनाशक न मारलेलं पान धुऊन टाकायला हरकत नाही. पाणी फारच मऊ असेल तर पीएचवर लक्ष ठेवा. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर तो टॅनिन शोषून घेतो, पान ठेवायचं असेल तर कार्बन काढून ठेवा.

निळाशाई
मिथिलिन ब्लूची बाटली मी आता फक्त अंड्यांच्या भांड्यासाठी ठेवतोय. वेगळ्या टँकमधलं मीठ शेवटी कसं कमी करायचं तेवढं सांगाल का कुणी?

जलपर्णी
जखम बुजल्यावर दर वेळी पाव भाग पाणी बदला आणि नवं मीठ घालू नका. लिटरला २ ग्रॅम असेल तर पहिल्या बदलानंतर दीड, मग साधारण १.१, मग ०.८ असं उतरत जातं. एक-दोन दिवसांच्या अंतरानं असे तीन-चार बदल केले की मासा मुख्य टँकमध्ये सोडता येतो. सोडताना डब्यातलं पाणी ओतू नका, मुख्य टँकचं पाणी थोडं थोडं डब्यात मिसळा आणि मग माशाला अलगद बाहेर पोहू द्या.